धंद्यातली ओढच आटली तर? मोठे झालेले लोक काय करतात?

अंबडचा_टर्नर:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे कंपन्यांना धातूचे भाग बनवून द्यायचं छोटं युनिट आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), सहा पोरं कामाला, नऊ वर्षं झाली. आधी पहाटे चारलाच जाग यायची आणि डोक्यात ड्रॉइंग फिरत असायचं, आता शटरचं कुलूप काढताना हात जड होतो. ऑर्डरी आहेत, तोटा नाही, फक्त एका कंपनीने चार महिने पेमेंट अडकवलंय त्यामुळे दिवसभर मशीनवर कमी आणि फोनवरच जास्त असतो. जे लोक वीस-तीस वर्षं टिकून मोठे झाले त्यांची ओढ शेवटपर्यंत राहते का, की तेही नुसतं रेटतात? मनापासून विचारतोय.

निफाडचा_बागायतदार:
दादा, रोज तेवढीच ओढ कुणाची राहत नाही. २०१० आठवतं का, क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती? वेलीची वाढ रोखायला आपण मारायचो ते औषध, तिकडे त्यावरून माल नाकारतील हे इथे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. विलास शिंदे तेव्हा निर्यात करायचे, मोठा फटका बसला, तरी शेतकऱ्यांचे पैसे त्यांनी स्वतः सोसून चुकते केले. पुढे मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली ती शेतकऱ्यांच्याच मालकीची. त्या वर्षी उत्साह कुठून असणार हो, पण ज्यांचा माल घेतला त्यांना तोंड दाखवायचं होतं आणि माझ्या मते माणूस त्यावरच टिकतो. मी स्वतः गारपिटीनंतर चार दिवस बागेत पाऊल टाकलं नव्हतं, पाचव्या दिवशी मजूर बाया दारात येऊन म्हणाल्या भाऊ, कुठल्या ओळीपासून धरायचं, तेव्हा चप्पल घातली.

गंगापूररोड_मॅडम:
मी एमबीएच्या मुलांना शिकवते. मेयर आणि अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले होते: मनापासून हवंय म्हणून राहणं, सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं, आणि सोडणं बरोबर नाही म्हणून राहणं. मांडणी नोकरदारांवरची आहे पण धंद्यालाही लागू पडते असं मला वाटतं. सर, तुम्ही पहिल्यातून दुसऱ्यात घसरलाय. हप्ते, मशीन, भाडं, एवढंच दिसतंय तुम्हाला. तुम्हाला आवडत होतं ते धातूचं काम, आणि ते तुम्ही शेवटचं स्वतःच्या हाताने कधी केलंत?

सातपूरची_ताई:
भाऊ, माझं मसाल्याचं युनिट आहे, तुमचा अर्धा थकवा त्या पेमेंटचाच आहे असं मला स्पष्ट दिसतंय. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? मग ४५ दिवसांच्या वर पैसे अडकवता येत नाहीत, छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, अडकलेल्या पेमेंटसाठीच्या सरकारी एमएसएमई पोर्टलवर अर्ज टाका. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने मी दोन वर्षं गप्प बसले होते, ती दोन वर्षं मिरचीचा वाससुद्धा नकोसा झाला होता मला.

अंबडचा_टर्नर:
सगळ्यांचे आभार. मॅडम, तुमचा प्रश्न लागला. हिशेब केला तर चौदा महिने झाले होते. काल रात्री पोरांना घरी पाठवलं आणि स्वतः मशीनवर उभा राहिलो, पितळी बुशचा लॉट होता. पहिला पीस काढला, कूलंट पुसलं, मायक्रोमीटर लावून माप घेतलं, एक शतांश मिलिमीटरच्या आत बसला. गरम होता अजून, बराच वेळ तसाच हातात धरून उभा होतो. ताई, उद्यमचा कागद सापडलाय, अर्ज आज टाकतो.