जूनमध्ये शिकागोत आई-बाबांना कुठे नेऊ?

आई-बाबा जूनभर इथेच आहेत. बाबांना गाणं म्हणजे जीव की प्राण पण तिकिटाचे डॉलर ऐकले की लगेच रुपयांत गुणाकार करत बसतात. फुकटातलं काही चांगलं?

> मिलेनियम पार्क! ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल, १९३५ पासून चालूए, अख्खा ऑर्केस्ट्रा आणि फुकट. हिरवळीवर चटई टाकायची, वर जाळीला स्पीकर टांगलेत त्यामुळे पार मागेही नीट ऐकू येतं.

> स्वेटर न्या हं, लेकवरून असा वारा सुटतो की आमच्या सासूबाई पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या, डब्यातल्या दशम्या पण गार.

> ब्लूज फेस्टिव्हलही तिथेच, जूनमध्येच. आर्ट इन्स्टिट्यूट हे चित्रांचं म्युझियमही शेजारीच आहे, फक्त बाबांना तिकिटाचा आकडा सांगू नका 😄