एनटीपी सर्व्हरवरील नकोशा विनंत्या: नकार कळवावा की गप्प राहावे?

प्रश्न – कालमापक
आमच्या संस्थेचा एनटीपी (नेटवर्कवरून संगणकांची घड्याळे जुळवण्याची पद्धत) सर्व्हर बाहेरच्यांसाठीही खुला आहे. सध्या काही मोजके क्लायंट दर सेकंदाला अनेकदा वेळ विचारत असल्याचे लॉगमध्ये दिसते. त्यांची पॅकेट्स फायरवॉलवरच अडवावीत, की नकार कळवण्याची काही प्रमाणित पद्धत आहे?

शून्यस्तर
पद्धत आहे, आणि तिचे नाव ‘किस-ओ-डेथ’. सर्व्हर अशा क्लायंटला उत्तर पाठवतो, परंतु त्यात स्ट्रॅटम (सर्व्हर मूळ घड्याळापासून किती पायऱ्या दूर आहे, तो आकडा) शून्य असतो आणि संदर्भ-ओळखीच्या (सर्व्हर कुठून वेळ घेतो, त्या नोंदीच्या) जागी चार अक्षरांचा संकेत असतो. ‘रेट’ आल्यास क्लायंटने विचारणा विरळ करावी, तर ‘डिनाय’ किंवा ‘आरएसटीआर’ आल्यास त्या सर्व्हरला विचारणे पूर्णपणे थांबवावे, असे एनटीपीचे मानक, आरएफसी ५९०५ (२०१०), सांगते. एनटीपीडी या सर्व्हर-प्रणालीच्या मांडणीत ‘केओडी’सोबत (किस-ओ-डेथचे लघुरूप) विनंत्यांच्या वेगावर मर्यादा घालणारे ‘लिमिटेड’ही लिहावे लागते, एकटे ‘केओडी’ निरुपयोगी ठरते. किस-ओ-डेथच्या उत्तरातील वेळेचे शिक्के क्लायंटच्याच विनंतीतून उचललेले असल्यामुळे, संकेताकडे दुर्लक्ष करणाऱ्यालाही त्यातून घड्याळ लावता येत नाही.

पोर्ट१२३
हे सारे क्लायंटच्या सभ्यतेवर अवलंबून आहे. नुसते अडवल्याने काय होते, याचे उत्तम उदाहरण २००३ मधले आहे. नेटगिअरच्या काही राउटरमध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता आणि उत्तर न मिळाल्यास ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. विद्यापीठाने ही वाहतूक आपल्या नेटवर्कच्या सीमेवर रोखली, तरी जूनपर्यंत ती सेकंदाला अडीच लाख पॅकेट्सच्या पुढे गेली. म्हणून अडवण्यापूर्वी, मौनानंतर तुमच्या क्लायंटचा वेग वाढतो का, हे थोडा वेळ पाहावे.

लंबक
आणखी एक बाब म्हणजे एनटीपी ज्यावरून चालते त्या यूडीपी या संदेशवहन पद्धतीमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असू शकतो. एखाद्याने तुमच्या प्रामाणिक क्लायंटच्या नावाने विनंत्यांचा भडिमार केला, तर मर्यादेची शिक्षा त्या क्लायंटलाच होते. म्हणूनच क्रोनी या दुसऱ्या एनटीपी प्रणालीचे ‘रेटलिमिट’ (वेगमर्यादेची सोय) मर्यादा ओलांडली गेल्यावरही मूळ मूल्यांनुसार सरासरी चारातील एका विनंतीला यादृच्छिकपणे उत्तर देते. मला ही रचना पूर्ण बंदीपेक्षा शहाणपणाची वाटते. भडिमार एकाच जाळ्यातून (नेटवर्कमधून) येत असेल, तर त्या जाळ्याच्या चालकाला लॉगसह पत्र लिहावे, कारण बिघडलेले उपकरण सापडण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक असते.