मदत हवी आहे: किलोने घेतलेलं घाण्याचं तेल लिटरच्या भावात कसं बसवायचं?

मंडळी, सोलापुरात लाकडी घाण्यावरून शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल घेऊन ओळखीच्या घरांना देतो. घाणेवाला 15 किलोचा डबा देतो, गिऱ्हाईक मात्र लिटरनेच मागतं. किलो म्हणजे लिटर धरून चालत नाही, तेल पाण्यापेक्षा हलकं. पाकिटांवर 1 लिटरला 910 ग्रॅम असतं, त्या हिशोबाने डब्यात साधारण साडेसोळा लिटर निघायला हवं.

खात्री म्हणून बाटलीत आधी काट्यावर 1 किलो पाणी घेऊन खूण केली, मग त्याच खुणेपर्यंत शेंगदाणा तेल भरलं. सकाळी 909 ग्रॅम, भर दुपारी 903. तापल्यावर तेल फुगतं हे कळतं, पण आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे विचारूच नका! करडईचं त्याच खुणेला थोडं जड भरतं.

काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवतो, घनतामापक नाही, घ्यायचाही नाही. तेल गाळलेलं, गाळ बसलेलं असतं.

तर बाटली खुणेने भरू की वजनाने? वजनाने भरायची तर कोणत्या तापमानाचा आकडा धरायचा, आणि करडईसाठी लिटरला किती ग्रॅम?