तेल लावूनही पाय कोरडेच! काय चुकतंय?

कोरडवाहू:
पोटरीवर नखाने रेघ ओढली की पांढरी उमटते, पाटीवर खडूने ओढावी तशी. काळी पँट उलटी करून झटकली तर पीठ सांडल्यासारखं दिसतं. दोन महिने रोज झोपताना ऑलिव्ह ऑइल चोळतेय. रात्रीपुरतं बरं वाटतं, सकाळी पुन्हा तेच, वर चादर तेलकट. केसांची तीच कथा. मागच्या रविवारी भरपूर एरंडेल थापलं, डोक्यावर केसांचा गोळा करून खसाखसा धुतलं आणि मानेपाशी अशी जट बसली की शेवटी कात्री घेतली. डोक्यात कोंडाही आहे, म्हणून तर तेल वाढवलं होतं. आता कुठलं तेल आणू?

घाण्याचा बैल:
तेल आणण्याआधी वेळ बदला. तेलात पाणी नसतं, ते फक्त झाकण आहे. तुम्ही रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवताय! अंघोळीनंतर पाय टॉवेलने टिपा, घासू नका. दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, एका पायाला पाच-सहा थेंब पुरे. पाणी कोमट घ्या, आणि पोटऱ्यांना रोज साबण कशाला?

ऑलिव्ह ऑइलमध्ये ओलेइक आम्ल हे मेदाम्ल, म्हणजे तेलाचा एक घटक, भरपूर असतं. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधे जी चरबी असते, तिची वीण ते सैल करतं, म्हणून काहींची त्वचा उलट जास्त कोरडी पडते. लिनोलेइक आम्ल जास्त असलेलं सूर्यफूल तेल बघा. बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलंय का ते वाचा. तसं असेल तर घेऊ नका.

केसांना खोबरेल, तेही धुण्याआधी. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो आणि धुताना जाणारं प्रथिन कमी होतं. एरंडेल घट्ट, ते आत शिरत नाही, वरच बसतं. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात उभी करा. गॅसवर नको, माझ्या हाताला अजून डाग आहे.

तिसरी वेणी:
खोबरेल चेहऱ्यावर नेऊ नका मात्र. माझं कपाळ आठवड्यात पुटकुळ्यांनी भरलं.

घाण्याचा बैल:
बरोबर, ते छिद्रं बुजवतं. कोंड्याचं राहिलंच. कोंडा म्हणजे कोरडेपणा असं नेहमी नसतं. टाळूवर मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, ती तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. तेल वाढवलंत म्हणजे तिला आयतं ताट वाढलंत. तेल फक्त टोकांना लावा, टाळूला केटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू. आणि कातडी लाल होऊन चिरत असेल तर तेल बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कोरडवाहू:
बारा दिवस झाले. सूर्यफूल तेल, ओल्या पायांवर. पहिल्याच दिवशी तळव्यांनाही लावलं आणि बाथरूमच्या दारात सपशेल आडवी झाले, ते कुणी सांगितलं नव्हतं! आता बसून लावते, तळवे सोडून. आज रेघ ओढून पाहिली. डाव्या पायावर उमटलीच नाही, उजव्यावर पुसट. कोंडा थोडा कमी वाटतोय, पण शाम्पू दोनदाच झालाय. मानेजवळचे कापलेले केस मात्र ताठ उभे राहतात, त्याला तेल सांगू नका कुणी.