अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे : यांना फितूर म्हणायचं का?

दर्यापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आजोबांच्या लोखंडी पेटीत शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या सापडल्या, मोडीतल्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. गावातल्या एका काकांनी वाचून दाखवल्या आणि म्हणाले, एवढा शेतसारा भरत होते म्हणजे तुझ्या पणजोबाला तेव्हा कौन्सिलच्या, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळाच्या, निवडणुकीत मत असणार. त्यावरून पारावर तांब्यांचा विषय निघाला आणि दोघं-तिघं म्हणाले की तो माणूस इंग्रजांना जाऊन मिळाला. खरं काय आहे? वाचनालयात बोलायचं आहे मला यावर.

जुने_कागद
दादा, आधी साल लावून घे. १९१९ च्या कायद्यानं शाळा, दवाखाने, शेती ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली पण पोलीस आणि महसूल गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिले, म्हणजे तिजोरीची किल्ली सायबाच्याच कमरेला. हा कारभार आतून बंद पाडायचा म्हणून स्वराज पक्ष १९२३ ला निवडणुकीत उतरला आणि स्पष्ट बहुमत मिळालं ते फक्त आपल्याच प्रांतात, मध्य प्रांत-वऱ्हाडात. १९२४ ला या पक्षानं मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये करून टाकला! शेवटी मंत्र्यांची खाती गव्हर्नरलाच घ्यावी लागली. तांबे याच पक्षाचे, १९२५ ला कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्याच ऑक्टोबरात मोरोपंत जोशींच्या जागी थेट कार्यकारी मंडळात गेले. पक्षाचे पुढारी मोतीलाल नेहरू भयंकर चिडले. पण पक्षातलेच केळकर, जयकर म्हणाले की आपल्याच पक्षाचे विठ्ठलभाई पटेल दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळाच्या सभेचे अध्यक्ष झालेले चालतात मग तांबेच का नको? त्या भांडणातून १९२६ ला अकोल्यात प्रतिसहकार पक्ष (सरकारात पदं घेऊन काम करू म्हणणारा) उभा राहिला, आपले बापूजी अणेही त्यात होते. पुढे १९२९ ला तांबे काही काळ हंगामी गव्हर्नरही झाले. माझं मत विचारशील तर फितूर हा शब्द अन्यायाचा आहे, त्यांना वाटलं आत बसून काही करता येईल.

कपाशीवाला
भाऊ, मले नाई पटत. विठ्ठलभाईले सभेनं निवडून देल्लं होतं, तांब्याइले सरकारनं नेमलं, हा फरक लहान हाय का? ज्या कारभाराले बंद पाडासाठी लोकाइले मतं मांगतली त्याच कारभारात जाऊन बसले, अन् पक्षाले इचारलं बी नाई. ज्यानं मत देल्लं त्याले काय वाटलं असन? वकील मोठा असन, इमानदार बी असन, पन शब्द मोडला तो मोडलाच.

अचलपूरची_लेक
एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. वऱ्हाड कागदोपत्री तेव्हाही निझामाचं होतं, १९०२ पासून इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्यानं. म्हणून वऱ्हाडात लोकांनी निवडून दिलेला माणूसही नियमानं थेट सभासद होत नव्हता, निवडणूक झाली की गव्हर्नर त्याला 'नेमायचा'. मत आपलं आणि शिक्का सायबाचा, हे मला फार लागतं. दादा, पावतीवरचं साल बघितलं का?

दर्यापूरचा_पोरगा
ताई, आत्ताच काकांकडे जाऊन आलो. दोन पावत्यांवर १९२२ आहे. म्हणजे पणजोबांनी मत दिलं असेल तर ते १९२३ लाच. वाचनालयात आता पावती घेऊनच जातो आणि कपाशीवाल्या भाऊंचा प्रश्नही तिथं विचारतो, ज्यानं मत दिलं त्याला काय वाटलं असेल.