आजीची इरकल नेसून रेड कार्पेटवर जायचंय, जमेल का?

इरकल_काठ (मिरज)

आमच्या लघुपटाची परराज्यातल्या एका चित्रपट महोत्सवात निवड झाली आहे आणि अभिनयाच्या नामांकनांत माझं नाव आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बाईची भूमिका मी केली आहे. आयोजकांचा मेल आलाय: पहिल्या संध्याकाळी रेड कार्पेट, फोटो, पोशाख औपचारिक किंवा पारंपरिक. आमचा दिग्दर्शक म्हणतो, पुण्याहून भाड्याने गाऊन आणू. मला आजीची इरकल नेसायची आहे.

आजीने सगळी उमर हळदीच्या वखारीत काढली. ही नऊवारी तिची लग्नकार्याची. हिरवं सुती अंग, लाल रेशमी काठ, पदर लाल-पांढरा. ती गेल्यापासून साडी ट्रंकेत आहे, एकाच घडीत. काल उघडली तर पदराचं रेशीम घडीच्या रेघेवर दोन ठिकाणी विरलेलं दिसलं. भूमिका करताना मी आजीचीच चाल उचलली होती. डोक्यावर पाटी नसतानाही ती मान ताठ ठेवून चालायची, कायम ओझं तोलत असल्यासारखी. म्हणून ही साडी मला नुसती हौस म्हणून नको आहे.

डोळ्यांपुढे अभिनेत्री छाया कदम आहेत. २०२४ साली त्या कान महोत्सवाला आईची साडी आणि आईची नथ घेऊन गेल्या. आईला विमानात बसवायचं राहून गेलं, निदान तिची साडी-नथ तरी विमानातून आणली, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून मी खूप रडले होते.

तर विचारायचं असं, की साडी तग धरेल का? नऊवारीच नेसू का? लोक नक्कल म्हणतील का? आणि सगळ्यात मोठी धास्ती ही, की साडीचे फोटो फिरतील आणि काम कुणी बघणारच नाही. जाणत्यांनी सांगावं.

पडद्यामागची (गोरेगाव)

अगं, आधी मनापासून अभिनंदन! एकेरीत लिहिते, माझ्या भाचीच्या वयाची असशील. मी मालिका-सिनेमांच्या कपडेपटात काम करते. सेटवर आमच्या खात्यातल्या माणसाला ड्रेसदादा म्हणतात, मी बाई असूनही कित्येकदा मला तीच हाक येते.

आधी साडीबद्दल. दिवसा खिडकीशी उभी राहा आणि साडी हात-हात करत उजेडासमोर धर. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलंय, तेवढ्या जागी दोऱ्याची खूण कर. इरकलीत अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगळे असतात, मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले. तो जोड नीट तपास, कारण जुन्या साडीत पदराचा सगळा भार तिथे येतो. रेशीम एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं की घडीवरच तुटतं, हे तुझ्या साडीचंच नाही, सगळ्यांच्या कपाटात चाललेलं आहे. विरलेल्या दोन जागांना मागून त्याच रंगाच्या मलमलीचा तुकडा लावून घे, हाताने, बारीक टाक्यांनी. मशीन अजिबात नको, सुईच्या भोकांच्या ओळीवर जुनं रेशीम सरळ फाटत जातं. मिरजेत नाहीतर कोल्हापुरात चांगला रफूवाला सापडेल, त्याला साडी दाखव, पण ट्रंकेतून काढल्या काढल्या ड्रायक्लीनला देऊ नकोस. आधी सावलीत वारा लागू दे.

नऊवारीच नेस. अंग सुती आहे म्हणतेस, म्हणजे कासोट्याचा ताण पेलेल. रेशमी असतं तर मी नको म्हटलं असतं, बसताना मागे फाटली असती. नऊवारी सहावारीसारखी गुंडाळलीस तर कमरेला गाठोडं होतं आणि चाल जाते, आणि तुझं तर सगळं चालीत आहे. साडी कापून शिवून घ्यायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस.

आता तुझ्या धास्तीबद्दल, कारण मला खरं त्यावरच बोलायचंय.

कपडा आणि अभिनय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं पेपरवाले, फोटोवाले धरून चालतात. आमच्या कामात तसं नसतं. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी' सिनेमासाठी वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्यासोबत, ११ एप्रिल १९८३ च्या सोहळ्यात. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच रात्री, त्याच सिनेमासाठी गांधींची भूमिका करणाऱ्या बेन किंग्जलींना अभिनयाचं ऑस्कर मिळालं, हे एकत्र ठेवून बघ. बॅरिस्टरच्या कोट-टायपासून पंचापर्यंत तो माणूस येतो, आणि दर टप्प्यावर त्याचे खांदे बदलतात. कोटात खांद्यांना कोट धरून ठेवतो. पंचा नेसल्यावर खांदे उघडे पडतात, मग सगळं काम पाठीचा कणा आणि हात करतात. नट ते करतो खरा, पण त्याला ते करायला लावणारा कपडा आधी कुणीतरी कागदावर काढलेला असतो. अथैयाबाई जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या, त्यामुळे माणसाची आकृती त्यांच्या हाताला ठाऊक होती. २०१२ मध्ये त्यांनी ऑस्करची ती बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडे परत पाठवली, २०२० मध्ये त्या गेल्या. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने त्यांचं नाव घेऊन सुई हातात धरावी असं मला वाटतं.

आम्ही नवी कोरी साडी घेतो आणि ती जुनी करतो. चहाच्या पाण्यात बुडवतो, पदराचं टोक दगडावर घासतो, ब्लाऊजच्या काखेत घामाचा डाग आणतो, गुडघ्याजवळ जिथे बाई हात पुसते तिथे रंग उतरवतो. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर कपड्यात माणूस राहून गेलाय असं दिसावं म्हणून. तुझ्याकडे असा कपडा आयता आहे. आजी त्यात राहून गेली आहे. भाड्याच्या गाऊनमध्ये तू सुंदर दिसशील यात शंका नाही, पण त्यात तुला उभं राहायला शिकावं लागेल. इरकलीत तुझी मान आपोआप ताठ होईल आणि फोटोत तीच बाई दिसेल जी पडद्यावर आहे. मग साडी बघणारा सिनेमाही बघेल. छाया कदमचं नेमकं हेच झालं. आईची साडी लोकांच्या मनाला लागली कारण ती बाई पडद्यावरही अशाच साड्यांत जगताना आपण बघितली होती, कुणाची तरी आई, कुणाची तरी अक्का होऊन.

खाडीकाठची (रत्नागिरी)

वरच्या ताईंना माझा नमस्कार. मी सिनेमातली नाही, शाळेत शिकवते, पण छाया कदम ज्या सिनेमासाठी कानला गेल्या तो 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' चिपळूणच्या मैत्रिणीला बरोबर घेऊन मुंबईला थेटरात जाऊन बघितला. साडीचे फोटो मी शंभर ठिकाणी बघितले, त्यातल्या त्यांच्या पार्वतीबद्दल मात्र फार थोडं वाचायला मिळालं, म्हणून इथे लिहिते.

पार्वती मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवरा वारलेला, राहत्या खोलीचा कागद हातात नाही, बिल्डर बाहेर काढणार. आमच्या प्रत्येक गावात अशी एक तरी बाई आहे, जी गिरणीच्या काळात मुंबईला गेली आणि म्हातारपणी परत आली. छायाताईंनी तिला बिचारी केलेली नाही. बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर ती आणि त्याच हॉस्पिटलातली नर्स प्रभा दगड मारतात, तो प्रसंग बघा. रागाचा आवेश नाही, रडारड नाही, हात मागे नेऊन नेम धरून मारलेला दगड आहे, पाडावर दगड मारणाऱ्या पोरीसारखा. आणि पुढे कोकणात आल्यावर दारूचा घोट घेऊन दुसऱ्या नर्सबरोबर, अनूबरोबर, नाचते तेव्हा तिचं अंग मुंबईत होतं त्याहून सैल झालेलं असतं. मुंबईत ती कोपर अंगाशी धरून वावरते. गावात हात मोकळे सुटतात. एवढा एक फरक, पण माझ्या आत्येला मी तसंच बघितलंय. सुट्टीला आली की उंबरठा ओलांडताच तिचे हात सुटायचे.

बाळा, तुझ्या आजीची मान जशी तू घेतलीस तशीच ही चोरी आहे, चांगल्या अर्थाने. नक्कल म्हणणाऱ्यांना म्हणू दे. आईची, आजीची साडी नेसण्यावर कुणा एकीचा हक्क नाही.

रविवारचा_खेळ (पुणे)

अभिनंदन! मी इथल्या एका फिल्म सोसायटीचं काम बघतो. वरच्या दोघींशी सहमत आहे, पण एका गोष्टीत मला थोडी भर घालायची आहे, कारण पुरस्कारांचा मोसम म्हटला की लोकांना वाटतं चांगलं काम केलं की बक्षीस चालत येतं.

तसं होत नाही. २०२५ च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब डेमी मूर यांना 'द सबस्टन्स'साठी मिळालं. नटांच्या संघटनेचा पुरस्कारही त्यांनाच. मार्चमध्ये ऑस्कर मात्र 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनला. काम तेच, बघणारे वेगळे. ऑस्करला अभिनयाची नामांकनं फक्त नट मंडळी ठरवतात आणि अंतिम मतदानाला सगळ्या शाखांचे सदस्य बसतात. त्यामुळे नामांकन म्हणजे तुझ्याच धंद्यातल्यांनी तुला ओळखलं, हे मी विजयापेक्षा मोठं मानतो. तुझ्या महोत्सवाचे नियम वेगळे असतील, पण यादीत नाव आलंय म्हणजे कुणीतरी काम डोळे उघडे ठेवून बघितलं आहे. काम दिसणार नाही ही भीती त्यामुळे अर्धी तरी सोड.

आणि छाया कदम यांचा विषय निघालाच आहे तर एक सल मांडतो. पायल कपाडिया यांच्या याच सिनेमाला, 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला, कानमध्ये ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, मिळालं. मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा जायला तीस वर्षं लागली होती. परभाषिक सिनेमाच्या ऑस्करसाठी तेव्हा एका देशाने एकच सिनेमा पाठवायचा होता. फ्रान्सने आपल्या चार जणांच्या अंतिम यादीत हा सिनेमा घेतला होता, कारण निर्मितीत त्यांचाही वाटा होता, आणि शेवटी 'एमिलिया पेरेझ' पाठवला. आपण 'लापता लेडीज' पाठवला. तो ऑस्करच्या पहिल्या पंधरा सिनेमांच्या यादीतही पोचला नाही. दोन्ही सिनेमांत छाया कदम आहेत! 'लापता लेडीज'मधली स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई मला अत्यंत आवडते. हरवलेल्या नवरीच्या, फूलच्या, हातावर ती तिच्या कष्टाचे पैसे ठेवते तेव्हा चेहऱ्यावर माया दाखवत नाही, व्यवहार दाखवते, आणि म्हणून ते मनात राहतं. त्या भूमिकेसाठी त्यांना २०२५ मध्ये फिल्मफेअर मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण पार्वतीला जगासमोर नेण्याची संधी आपण आपल्या हाताने घालवली, हे मी विसरणार नाही. कारण त्या शर्यतीत सिनेमा लोकांना दाखवत फिरावं लागतं, आणि देशाचं नाव पाठीशी असलं की दारं लवकर उघडतात. भारताकडून ऑस्करला गेलेल्या मराठी 'श्वास'च्या वेळी, २००४ मध्ये, त्यासाठी इथे लोकांनी वर्गणी काढली होती.

म्हणून तुला सांगणं एवढंच. कार्पेटवर फोटो काढून झाले की कुणीतरी साडीबद्दल विचारणारच. उत्तर साडीवरून सुरू कर आणि दोन वाक्यांत हळदीच्या वखारीवर आण. खेळ किती वाजता, कुठल्या पडद्यावर, हे तिथेच सांग. सिनेमाचं छोटं पत्रक पर्समध्ये ठेव. लाजू नकोस.

इरकल_काठ

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल आईने आणि मी साडी उजेडाला धरली. पदराच्या दोन जागांखेरीज एक जागा डाव्या काठाजवळ सापडली, अंग मात्र शाबूत आहे. आणि काठावर हळदीचा एक डाग आहे, बोटाएवढा. आई म्हणते लग्नातला असेल, मला वाटतं वखारीतून तशीच कुठेतरी घाईने गेली असेल. तो काढायचा का?

रत्नागिरीच्या बाईंनी कोपरांबद्दल लिहिलंय ते वाचून मी सिनेमा पुन्हा लावला आणि फक्त हात बघितले. आता माझा लघुपटही तसाच बघणार आहे.

दिग्दर्शकाला गाऊन नको म्हणून कळवलं. पत्रकं छापायला टाकली.

पडद्यामागची (गोरेगाव)

डाग काढू नकोस, हात लावू नकोस! असा डाग आणायला आम्ही अर्धा दिवस घालवतो आणि तरी खरा वाटत नाही.

काठाजवळची विरलेली जागा निऱ्यांत जाईल अशी नेसताना सुरुवात कर, म्हणजे तिच्यावर ताण येणार नाही आणि दिसणारही नाही. ब्लाऊज खणाचा चालेल, पण नव्या खणाची चमक जुन्या साडीशेजारी डोळ्यात येते, तर दोन-तीनदा धुऊन मग शिवायला टाक. पदराला पिन लावताना खाली ब्लाऊजच्या कापडाची दुहेरी पट्टी घे, पिन रेशमातून आरपार एकदाच जाऊ दे. पितळी पिना घे, लोखंडी घामाने गंजतात. घरात चप्पल घालून जिन्यावरून रोज चढ-उतार कर, कासोटा सुटतो तो पायरीवरच. आणि प्रवासात साडी घडी करून नेऊ नकोस, सुती चादरीत गुंडाळून गोल कर आणि हातातल्या बॅगेत ठेव, सामानात देऊ नकोस. खेळाची तारीख आणि वेळ इथे टाक. तिकडे आमची दोन-तीन माणसं शूटिंगला आहेत, त्यांना बघायला पाठवते.