सोब्रेमेसा: गोड पदार्थ नव्हे, हात वाळेपर्यंतच्या गप्पा

स्पॅनिशमधल्या 'सोब्रेमेसा' या शब्दाचा अर्थ जेवणानंतरचा गोड पदार्थ असं कुणीतरी लिहिलंय. ते पोर्तुगीजमध्ये बरोबर, स्पॅनिशमध्ये नाही. आमच्या बेळगावकडच्यांची ही चूक हमखास होते, कारण चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि कानावर पडलेलं पोर्तुगीज तिथलंच. मीही स्पॅनिशच्या शिकवणीत 'कुंदा हा आमचा सोब्रेमेसा' असं ऐटीत सांगून बसलो होतो! गोडाला स्पॅनिशमध्ये 'पोस्त्रे' म्हणतात, आणि तो पुल्लिंगी: एल पोस्त्रे.

'सोब्रे' म्हणजे वर, 'मेसा' म्हणजे टेबल (गोव्यातलं 'मेज' आठवा). पण दोन्ही जोडून टेबलावरची वस्तू असा अर्थ काढू नका. जेवण उरकल्यावर न उठता, तिथेच रेंगाळत मारलेल्या गप्पा म्हणजे सोब्रेमेसा. आपल्याकडे खरकटे हात वाळून कडक होतात, आई 'उठा आता, ताटं काढू द्या' म्हणून ओरडते, तरी सीमाप्रश्नापासून पावसापर्यंतचे विषय संपत नाहीत ना, अगदी तेच. फक्त त्यांच्याकडे हात कोरडे असतात आणि समोर कॉफी असते.

शब्द स्त्रीलिंगी: ला सोब्रेमेसा. क्रियापद 'आसेर', म्हणजे करणे; 'आसेर सोब्रेमेसा' असं म्हणतात. स्पेनमध्ये दुपारच्या जेवणानंतरच्या टीव्ही कार्यक्रमांनाही 'दे सोब्रेमेसा' लावतात. आणखी एक गंमत, तिथे 'ओर्देनादोर दे सोब्रेमेसा' म्हणजे डेस्कटॉप संगणक. या शब्दात मात्र टेबलावरची वस्तू हाच अर्थ!